दलालांविरुद्ध माझं शेवटचं भाषण

कुमासी, हरमॅटन वाऱ्याचे दिवस
(धूळ इतकी, की ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात बुजते)

आमच्या वर्गाच्या शेवटच्या बाकाचे तहहयात मानकरी श्री. बाफोर यांस क्वाबेनाचा दोन्ही गुडघ्यांसकट नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? वहिनींचा राग कसा आहे? (दोहोंवर औषध नाही, पण विचारायची रीत आहे.) खोकल्यामुळे तू माझ्या निरोपाच्या भाषणाला आला नाहीस, ते देवानंच केलं. काय झालं ते आता माझ्याकडूनच ऐक, म्हणजे निदान एकदा तरी खरं ऐकशील.

आपण शाळेत घामाघूम होऊन बर्फाच्या कविता म्हणायचो, आठवतं? बर्फ कुणी पाहिला होता! पण त्या ओळी म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि त्याच वेळी ठरवलं होतं की आपण कवी व्हायचं. विद्यापीठात गेलो तर साहित्याचा वर्ग भरलेला. कारकून म्हणाला, "अर्थशास्त्राच्या रांगेत सावली आहे, तिथं उभे राहा." राहिलो. त्या सावलीत माझं आयुष्य गेलं रे. परदेशी जाऊन आंतरराष्ट्रीय व्यापारात डॉक्टर झालो. (बर्फही पाहिला. कवितेत बरा होता.) प्रबंधाचं सार एकच: आपला कोको परक्या देशात जाईतो त्याला इतके हात लागतात, की मधले दलाल काढल्याखेरीज या खंडाचा व्यापार सुधारणार नाही. पुढं जन्मभर हेच लिहिलं, कधी आलेख काढून, कधी न काढता. माझे लेख दोनच माणसं वाचायची, मी आणि परीक्षक. त्यातल्या परीक्षकाबद्दल मला शंका आहे. एका मंत्र्यानं मात्र मनावर घेतलं आणि दलाल हटवण्यासाठी मंडळ नेमलं. त्या मंडळाच्या साहेबांना भेटायचं तर आता ओळखीचा माणूस मधे घालावा लागतो.

तर निवृत्ती आली. निवृत्ती म्हणजे विद्यापीठाचा बंगला सोडणं आणि भाचीकडं, तिच्या शिवणयंत्रांच्या खोलीत, जाऊन पडणं. बंगल्याच्या ओट्यावर बसून संध्याकाळी मोठ्यानं कविता म्हणायची हे माझं उरलेलं एकच व्यसन. भाचीकडं यंत्रांच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येत नाही. म्हणून कुलगुरू आच्याबाईंकडे मुदतवाढ मागितली. बाई म्हणाल्या, "सर, शेवटचं भाषण असं करा की लोक उठून उभे राहतील. मग बघू." (आजवर माझ्या भाषणातून लोक उठून गेले होते. उभे राहिले नव्हते.)

आणि नेमके आपल्या गावचे राजे, नाना, भल्यामोठ्या छत्रीखाली, ढोलांसकट हजर! राजासमोर थेट बोलायचं नाही, राजवक्त्यामार्फत बोलायचं, हे तुला काय सांगावं? तो राजवक्ता अग्येकुम तर तुझाच मेहुणा. (नाना निवृत्त हिशेबनीस. इंग्रजी माझ्याहून बरं. पण रीत ती रीत.) म्हणजे बघ, दलालांविरुद्धचं माझं भाषण दलालामार्फत! मी अग्येकुमला आधीच बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा रे, मी म्हणेन तेवढंच म्हण."

"गुरुजी, नानांच्या कानात कच्चा कसावा घालू? तुम्ही बोला, शिजवतो मी."

सुरुवातीला मी आपली शाळेतली बर्फाची कविता म्हटली. डोळे भरून आले. अग्येकुमनं सोन्याची काठी उचलून नानांना सांगितलं, "गुरुजी घसा साफ करतायत."

मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, दलाल हा व्यापाराच्या घशात अडकलेला माशाचा काटा आहे. अग्येकुमनं माझ्याकडं एकदा कीव केल्यासारखं पाहिलं आणि नानांकडं वळून गरजला, "गुरुजी विचारतात, काटा नसता तर मासा पोहला असता काय?" सभागृहात हुंकार उठला. मी सांगितलं, सीमेवर मधले हात कमी करा. तो म्हणाला, "गुरुजी म्हणतात, गाठोडं आपल्या डोक्यावर चढवायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागतो!" झालं! बायकांनी पांढरे रुमाल फडकवले, ढोल सुरू झाले, आच्याबाई उठून नाचायला लागल्या.

मी ओरडलो, "मी असं काही म्हटलेलं नाही!"

अग्येकुम नानांपुढं लवला. "गुरुजी विनयानं म्हणतात, हे शहाणपण माझं नव्हे, नानांचं आहे."

नाना, ज्यांना शब्दन् शब्द कळला होता, डोळे मिटून हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंचं बोलावणं. मुदतवाढ मंजूर, बंगला मंजूर. अट एकच, की लोकांनी ऐकलं ते भाषण मी वाढवून पुस्तक करायचं. मी लिहिलेलं नव्हे, ऐकलेलं! म्हणजे जन्मभर जे मांडलं त्याच्या बरोबर उलट. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. असला बंगला मला नको. शिवणयंत्रांत मरेन, पण विकला जाणार नाही. तुझ्या मित्राचा कणा अजून ताठ आहे, बाफोर.

तुझा,
क्वाबेना

ता. क. कणा ताठ असला तरी गुडघे दुखतात. आज सकाळी सही करून आलो. ओट्यावर छान वारा आहे.

ता. क. २. पुस्तक काही केल्या जमत नाही. पहिल्याच वाक्यात माझ्या हातून पुन्हा दलालांना शिव्या गेल्या. अग्येकुम महिनाभर येऊन सांगेल आणि मी उतरवून घेईन, तरच बंगला टिकेल. पण मी त्याला थेट विचारणं बरं दिसत नाही. तू वहिनींना सांग, वहिनी आपल्या भावजयीला सांगतील, ती त्याला सांगेल.

ता. क. ३. त्याच्यासाठी जिनच्या चार बाटल्या पाठवतोय. वाटेत कोण कोण आहे ते धरूनच पाठवतोय. एक पोचली तरी पुरे.