शिल्लक सोफा : एक

३ जून, सोमवार
आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत आर्किटेक्टची खुर्ची रिकामी झाली. साहेब म्हणाले, फर्निचरवाल्यांच्या वेबसाइटवरची स्टॉकची स्क्रीन शुक्रवारपर्यंत पळवून दाखवा, खुर्ची तुमची. सध्या ती उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो. कोड माझाच आहे, म्हणजे दोष कोडचा नसणार. माझ्याकडे प्रत्येक सोफा, प्रत्येक टेबल हा स्वतंत्र ऑब्जेक्ट. स्वाभिमानी. आपली किंमत, आपला रंग, आपला साठा आपणच डेटाबेसला विचारून आणतो. याला म्हणतात डिझाइन!
बायकोला सांगून टाकलं, आर्किटेक्ट झालो. जवळजवळ.

४ जून
डेटाबेस सांभाळणाऱ्या बाई जागेवर आल्या. म्हणाल्या, एक स्क्रीन उघडायला तुमचा कोड मला हजारो प्रश्न विचारतो. सगळं एकदाच का मागत नाही? मी शांतपणे समजावलं की ऑब्जेक्टचं स्वातंत्र्य ही तत्त्वाची बाब आहे. म्हणाल्या, तत्त्व तुमचं, धाप माझ्या सर्व्हरला लागते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.
मोठा सर्व्हर मागवला.

५ जून
मोठा सर्व्हर आला. स्क्रीन तेवढीच रेंगाळते. नवीन आहे, रुळेल.
संध्याकाळी बायकोने दुकानात पाठवलं. दूध आणलं. मग साखरेला गेलो. मग साबणाला. ती म्हणाली, सगळं एका खेपेत आणता येत नाही का? हल्ली सगळ्यांना झालंय तरी काय!

६ जून, पहाटे
सुचलं! कॅश. माहिती एकदाच आणायची, मेमरीत ठेवायची. पुन्हा डेटाबेसची पायरी चढायचीच नाही.

६ जून, दुपार
स्क्रीन चुटकीसरशी उघडली. बाईंनी विचारलं, साठा बदलला तर कॅशला कोण कळवणार? काही माणसांचा जन्मच शंका काढण्यासाठी असतो. 'नंतर बघू' असं कोडमध्येच कॉमेंट म्हणून लिहून ठेवलं. मी बेजबाबदार नाही.

७ जून, शुक्रवार
डेमो! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुकानाचे मालक तर उठून उभेच राहिले. म्हणाले, उद्यापासून सेल आहे, आजच चालू करा. साहेब म्हणाले, खुर्चीचं सोमवारी बोलू.
बायकोला फोन करून सांगितलं, घरात काहीतरी मोठं घे. हात आखडू नकोस.

१० जून, सोमवार
बोलणं झालं.
गोदामात निळा सोफा एकच होता. तो शनिवारी सकाळीच विकला गेला. स्क्रीन मात्र दोन दिवस 'एकच शिल्लक, त्वरा करा' म्हणत राहिली. लोकांनी त्वरा केली. सोफा एक, मालक चौतीस. या काळात स्क्रीन एकदाही रेंगाळली नाही, हे मी साहेबांच्या निदर्शनास आणून दिलं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.
खुर्ची बाईंना मिळाली. मला हेडफोन मिळाला. उरलेल्या तेहतीस मालकांना फोन करून माफी मागायची.

१० जून, संध्याकाळ
सिस्टीम आपोआप नंबर लावते, मी फक्त मजकूर वाचतो. मजकूर छान जमलाय. लोक मात्र तो पुरा ऐकत नाहीत. एकाने माझं शिक्षण काढलं, एकीने खानदान. फक्त एका बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं: आपण हौसेने घेतलेला निळा सोफा अस्तित्वात नाही, आमच्या कर्मचाऱ्याची चूक, क्षमस्व. चांगली माणसं आहेत अजून जगात, असं मनात आलं.
मग त्या बोलल्या. बायको होती.
म्हणाली, सोफ्याचं कळलं. आर्किटेक्टची खुर्ची तरी खरंच आहे, की तीसुद्धा स्क्रीनवरच?
तपासून सांगतो म्हणालो.