हजेरीतल्या तीन फुल्या

गुरुवार, ९ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. पोरीला गणितात चांगले गुण पडले, म्हणजे ती तुझ्यावर गेली. दादाला पाढे कधी आले नाहीत. मी ठीक. तुरुंगातल्या माझ्या कामाच्या खोलीला अखेर पंखा मिळाला. फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त, अगदी आमच्या साहेबांसारखा.

एक बातमी आहे, बसून वाच. कंपाउंडर माझ्या गटात आला आहे. हो, तोच. दवाखान्याच्या मागच्या दाराने दादाला नशेच्या गोळ्या पुरवणारा. पुढे स्वतःच त्या गोळ्यांच्या नादी लागला आणि पकडला गेला. त्याने मला कधी पाहिलेलं नाही, आणि सासरच्या आडनावामुळे मी दादाची बहीण हे त्याला कळलेलं नाही. नुसता "मॅडम, मॅडम" करतो.

आमचा व्यसनमुक्तीचा गट सोमवारी आणि गुरुवारी बसतो. बारा आठवडे पूर्ण केले की मी शिफारस करते आणि कैद्याला उरलेली शिक्षा उपचार केंद्रात काढता येते. तिथे डॉक्टर असतात, काम शिकवतात, घरच्यांकडे जाऊ देतात. पण विनाकारण तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कटतं, कायमचं. हजेरी मी घेते. कुणी तपासत नाही.

कंपाउंडर एकदाही चुकला नाही. पहिल्या रांगेत बसतो. त्याच्याकडे बघत बघत मी गैरहजेरीच्या दोन फुल्या मारल्या, आज तिसरी. त्याची चार वर्षं उरली आहेत, ती त्याने इथेच कुजत काढावीत.

नाव कटल्याचं सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, अहो मी तर तुमच्यासमोरच बसलेलो असतो!"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर मला हसू आलं, वहिनी. किती दिवसांनी मनापासून हसले.

इथेच थांबणार होते. पण तू शाबासकी देशील आणि ती मला पचणार नाही.

पहिल्या फुलीच्या आदल्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या हातून झालेलं वाईट सांगायचं होतं. कंपाउंडरने दादाचं सांगितलं. "त्याला सोडायचं होतं. बहीण कुठेतरी भरती करील म्हणून मीच त्याला तिच्या इमारतीखाली सोडलं. भर दुपारी तासभर दार वाजवत होता. आत रेडिओ चालू होता, पण तिने उघडलं नाही. मग रडत माझ्याकडे आला, आणि मी गोळ्या दिल्या."

मी आत होते, वहिनी. त्याच आठवड्यात त्याने तुझ्यावर हात उगारला होता. वाटलं, भोगू दे जरा. चार दिवसांनी त्याच गोळ्या खाऊन तो गेल्याचा तुझा फोन आला, आणि तो माझ्याकडे आलाच नाही असं मी तुला सांगितलं.

हे जाणणारा कंपाउंडर एकटाच. केंद्रात गेल्यावर तुझी माफी मागायला यायचं म्हणत होता. मी दादाचा सूड घेतला हे खरं आहे, पण निम्मंच; उरलेलं निम्मं, ते दार तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून.

नावं कटलेल्यांची यादी सोमवारी वर जाते. पत्र तुला शनिवारी मिळेल. साहेबांना दाखवलंस तर तो केंद्रात जाईल आणि माझी नोकरी जाईल. जाळलंस तर तो इथेच राहील. फुली मी स्वतः खोडणार नाही, तेवढं मोठं मन माझं नाही. त्याच्यावरचा माझा राग तसूभरही गेलेला नाही. तुझा माझ्यावर किती आहे, ते आता तू बघ.

तुझ्या नवऱ्याची बहीण