डावीकडे फिरवलेला नॉब

आप्पा, तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर जोडलेला रिसीव्हर परवा रविवारी मी पुन्हा चालू केला. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं तो कपाटावर झाकून ठेवलेला होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. यंदा परीक्षा दिली, हौशी रेडिओचं, म्हणजे हॅमचं लायसन्स मिळालं. हवेत एकमेकांना ज्या अक्षरांनी ओळखतात, तसं स्वतःचं कॉलसाइन आता तुमच्यासारखं मलाही आहे. ट्रान्समीटर नवा घेतला, रिसीव्हर मात्र तुमचाच. हे ऐकायला तुम्ही नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही सोल्डरिंगला बसलात की आई भाकरीचं पीठ घेऊन खोळंबायची. “आते काय रेडिओ रांधी ऱ्हायनात का?” तुम्ही हसायचात आणि एकमेकांशी जुळणारे क्रिस्टल निवडत राहायचात. त्या क्रिस्टलच्या फिल्टरचा पट्टा एका नॉबने रुंद-अरुंद व्हायचा, त्याचं तुम्हाला कोण कौतुक! उजवीकडे फिरवला की सगळ्यांचा गलबला, डावीकडे फिरवला की एकाच माणसाचं मोर्स. मी घाईने लगेच डावीकडे फिरवायचे आणि हाती काहीच लागायचं नाही. “आधीच बारीक कशाले करस वं? मानूस सापडू दे पहिले,” म्हणून एकदा तुम्ही ओरडलात, आणि मी दिवसभर फुगून बसले. नंदुरबारात मिरची आली की ठसक्यापायी आपण खिडक्या लावून घ्यायचो. मग सेट तापायचा आणि सापडलेला माणूसही सरकत सरकत पट्ट्याबाहेर जायचा. तेव्हा मात्र तुम्ही कुणावर ओरडत नसा.

परवाही मिरचीचेच दिवस. पट्टा रुंद ठेवून शोधलं, तर कोकणातले तुमचे दोस्त सापडले, दर रविवारी तुमच्याशी बोलणारे. तुम्ही गेल्याचं त्यांना तेव्हाच कळलं होतं. आता खूप थकलेत, मोर्स पाठवताना हात अडखळतो. मी कोण ते कळवलं. मग विचारपूस सुरू झाली आणि मी हलके हलके पट्टा अरुंद करत गेले. निरोप घेताना त्यांनी माझ्या कॉलसाइनऐवजी तुमचं पाठवलं. हाताची जुनी सवय, दुसरं काय. पण तुम्ही गेल्यावर तुमचं कॉलसाइन मी पहिल्यांदाच ऐकलं, आप्पा, आणि मला रडूच आलं.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तरीही एक सांगून टाकते. त्यांची चूक मी त्यांना सांगितली नाही. पट्टा इतका अरुंद होता की एकेक अक्षर स्वच्छ आलं होतं. तरी मी कळवलं, ‘इथे खरखर फार आहे, शेवटचं पुन्हा पाठवा.’