दगड सुस्थितीत, रंग पांढरा

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
चर्चमध्ये कपाळाला लावलेली राख पुसायच्या आत कचेरीत बॉम्ब पडला. ताकाना डोंगराच्या माथ्यावर, मेक्सिको आणि ग्वातेमालाच्या बरोबर मध्ये सीमेचा दगड आहे. मी त्याचा अधिकृत निरीक्षक. दर पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, डोंगरावर जातो, अहवाल देतो : ‘दगड सुस्थितीत. रंग पांढरा.’ अकरा वर्षं, एकही तक्रार नाही. नवे सरपंच म्हणाले, फिलादेल्फो, यंदा सरकारी टोपी घालून दगडाशेजारचा फोटो हवा, नाहीतर टोपी जमा कर.

हरकत नाही. फक्त मी अगदी माथ्यापर्यंत असा अजून गेलेलो नाही. अर्ध्या वाटेवरच्या निकानोरच्या झोपडीपर्यंत जातो. ढग नसले तर तिथून माथा दिसतो. निरीक्षण म्हणजे शेवटी पाहणंच.

हे बायकोला माहीत नाही. ओफेलिया दरवर्षी माझी टोपी इस्त्री करते, वर गल्लीभर सांगते की आमचे हे देशाची वेस राखतात. टोपी गेली तर तिला काय सांगू?

हातात पंचेचाळीस दिवस आहेत. उद्यापासून पहाटे पाचला उठून चालणार.

१९ फेब्रुवारी, सकाळी ९
उठलो. आधी हिशेब मांडला. ताकाना चार हजार मीटर. आपलं घरच तेराशेवर. म्हणजे एक तृतीयांश चढण अंथरुणातच झाली! उगाच घाई करण्यात अर्थ नाही.

२ मार्च
नवे बूट आणले. चावतात. म्हणून कचेरीत खुर्चीत बसून रुळवतोय. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, सराव बुटांना चाललाय की तुम्हाला?

सासूबाईंचं वय अडुसष्ट. दर पवित्र आठवड्यात रबरी चपला घालून माथ्यावर जातात. पलीकडून, ग्वातेमालातून, त्यांची बहीण चोना येते. दोघी पोटभर गप्पा मारून आपापल्या देशात उतरतात. हौस, दुसरं काय! त्यांची नजर मात्र पार अधू झाली आहे. दरवर्षी घरी येऊन ओफेलियाला सांगतात, तुझ्या नवऱ्याला दगडापाशी पाहिलं, टोपी छान दिसत होती. मी बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा?

१५ मार्च
चर्चच्या मनोऱ्यावर सराव. एकूण एकाहत्तर पायऱ्या. तीस चढलो. बाकीच्या खालून मोजल्या.

२१ मार्च
कॉफीतली साखर सोडली. गोड पावातली साखर पावाची, ती धरत नाही.

२ एप्रिल
सासूबाई आजच निघाल्या. पाठीवरच्या गाठोड्यात काहीतरी डुचमळत होतं. संध्याकाळी पाहतो तर स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला आकाशी रंग डब्यासकट गायब. दरवर्षी हेच. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ.

४ एप्रिल, पवित्र शनिवार, पहाटे ४
निघालो. ओफेलियाने मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले बारा तामाले बांधून दिले. टोपी कडक.

सकाळी ९
निकानोरची झोपडी. गेल्या वर्षीपेक्षा दहा मिनिटं लवकर! निकानोर म्हणाला, बस, कॉफी तयार आहे. ठामपणे नाही म्हटलं. मग एक घेतली.

१०.१५
झोपडीच्या वर आयुष्यात प्रथमच. चौघे जण अख्खा मरिंबा, ते लाकडी पट्ट्यांचं भलंमोठं वाद्य, खांद्यावर घेऊन मला ओलांडून गेले. माथ्यावर नाच आहे म्हणे. वर गप्पाही मारत होते, निर्लज्ज.

११
हवा फारच विरळ. झोपडी अजून दिसते. निकानोरचं खोकणंही ऐकू येतं.

११.२०
जबाबदार पदावरच्या माणसाने जीव धोक्यात घालणं बरं नव्हे. मागून येणाऱ्या एका पोराला, तो मरिंबा वाजवणारा होता, मोबाइल आणि टोपी दिली. सांगितलं, कुणालाही टोपी घाल, दगडापाशी पाठमोरा उभा कर, फोटो काढ. कसं सुचलं माझं मलाच नवल वाटतं.

संध्याकाळी ५, निकानोरकडे
तामाले संपले. वाजवणारा मोबाइल देऊन गेला. फोटो पाहिला. माणूस पाठमोरा नाही. माणूसही नाही. सासूबाई आहेत! माझी टोपी, हातात ब्रश, तोंडभर हसू. शेजारी दगड. आकाशी.

मागोमाग त्या स्वतःच उतरून आल्या. टोपी डोक्यावरच. म्हणाल्या, अकरा वर्षं मीच रंगवतेय, जावईबापू. पांढरा कुठून आणू? घरात उरतो आकाशी. मी विचारलं, मग मला वर पाहिलं म्हणून का सांगायचात? म्हणाल्या, लेक माझी तुमची टोपी इस्त्री करताना गाते. ते गाणं मी बंद पाडू?

नजर ठणठणीत आहे त्यांची. मला फार लाज वाटली. निकानोरला सांगितलं, चुलीचा धूर डोळ्यांत गेला. चूल विझलेली होती.

६ एप्रिल
सरपंचांनी फोटो शेजारी ठेवून अकराही अहवाल मोठ्याने वाचले. पांढरा, पांढरा, पांढरा. कचेरी हसून हसून लोळली. निरीक्षक म्हणून सासूबाईंची नेमणूक झाली. मी सहायक : अहवाल लिहिणे. तसं पाहिलं तर अनुभवी लेखणीशिवाय कचेरी चालत नाहीच.

पुढच्या वर्षी रंगाचा डबा मी वाहून नेणार. झोपडीपर्यंत नक्की. पुढचं पुढे.

रात्री जेवणानंतर ओफेलियाला सगळं सांगितलं. तिने टोपी घेतली, आईच्या डोक्याला बसावी म्हणून आतून दोन टाके घातले आणि इस्त्री करायला बसली.

गात होती. नेहमीचंच गाणं. अकरा वर्षं मला वाटत होतं, ते माझ्यासाठी आहे.