बदललेली एकतीस उत्तरं

औसा, शनिवार

माझी जगूअक्का हिला राजकन्याचा शरणु शरणार्थी.

तू बरी असशील असं लिहायची रीत हाय म्हणून लिहायलेय, पर तू बरी न्हाईस हे मला डब्यावरून कळलंय. इकडं समदे खुशाल. मावशीचा गुडघा खुशाल न्हाई, काकाचा खोकला खुशाल न्हाई, आणि माझं पोट बिघडलंय, त्याचं कारण पुढं लिहिते. बाकी खुशाल. पत्र डब्याच्या पिशवीला शिवलेलं बघून हसू नको. मंगळवारपासून मी रोज भाकरीच्या फडक्याखाली एक पत्र ठेवलं आणि तू डबाच उघडला न्हाईस, म्हणून चारी पत्रं संध्याकाळच्या बसनं मलाच परत आली. (माझी मीच वाचली. तिसरं जरा बरं हाय.) आता हे वाचायला डबा उघडायचं काम न्हाई. दोऱ्याचं एक टोक मोकळं सोडलंय, ते ओढलं की निघतंय. फाडू नको, पिशवी मावशीची हाय.

तुझा फोन माझ्याकडं सुखरूप हाय. लातूरच्या होस्टेलवर फोन चालत न्हाई म्हणल्यावर मावशीनं तो माझ्याच हातात दिला, कारण ही पोरगी कुणाला बोलत न्हाई, फोन घेऊन करंल काय. खरं हाय. नववीत सर हजेरी घ्यायचे तवा मी 'हजर' म्हणायचे ते माझ्या शेजारणीला बी ऐकू जायचं न्हाई. सर गैरहजर मांडायचे, आणि मी पुढच्याच बाकावर बसलेली. वर्षाच्या शेवटी घरी निरोप आला की पोरगी शाळेतच येत न्हाई. मला वाटलं, एवढं लिहूनच ठेवलंय तर आता जावं कशाला. तुझ्या फोनातल्या गेममधी कसं, हजेरी बोटानं लागती. म्हणून तुझं खातं (डॉक्टर जगदेवी, पहिल्या परीक्षेच्या आधीच तू हे नाव टाकलीस आणि काकानं गल्लीत पेढे वाटायचे तेवढे राहिले होते) मी एक दिवस बी चुकवलं न्हाई. साड्यांना फॉल लावायला बसायच्या आधी गेममधल्या तळघरात उतरायचं, तीन दरवाज्यांतल्या एकावर बोट ठेवायचं. मग गेम उरलेल्या दोनांतला एक उघडून दाखवतो, आत काहीच नसतंय, आणि विचारतो, बदलायचं का? बरोबर दरवाज्यामागं निळा घोडा, पर लागोपाठ तीन दिवस सापडला तरच तो आपला होतो. तू जाताना म्हणली होतीस, घोडा आणून ठेव राजे, तवर मी डॉक्टरकीला नंबर लावते.

मी कधीच बदलले न्हाई. आता बदलायचं म्हणजे आधी चुकलं असं कबूल करायचं, तेवढी हिंमत माझ्यात न्हाई. खाजाचाचाला (आपल्या गल्लीतले टेलर, मला फॉल-पिकोचं काम तेच देतात) विचारलं तर ते म्हणले, "एक बार बोले सो बोले बेटी, बदलते कायको?" आणि दीड महिना झाला तरी घोडा काही आला न्हाई. म्हणून मी त्यांच्या बटणाच्या तीन डब्या घेतल्या. एकीत शेरवानीचं सोनेरी बटण. चाचानं लपवायचं, मी एक डबी धरायची, चाचानं उरलेल्यांतली रिकामी उघडून दाखवायची. पन्नास खेपा मी तीच धरून ठेवली, सोळा वेळा बटण निघालं. पन्नास खेपा बदलली, चौतीस वेळा निघालं. चाचानं चष्मा पुसला. चष्म्याचा काही संबंध नव्हता, पर त्यांना तेवढंच सुचलं. मग त्यांनी ते दुकानात चालवलं. गिऱ्हाईकानं एक कापड पसंत केलं की चाचा दुसरा एक तागा बाद झाल्यासारखा बाजूला सारायचे आणि म्हणायचे, अब बदल डालो. एका नवरदेवाच्या चुलत्यानं बदललं, आणि आता ते शेंदरी सफारीत लग्नाला जाणार हायत. त्यांच्या बायकोनं चाचाला दुकानात येऊन जे सुनावलं ते मी लिहीत न्हाई, होस्टेलच्या बाईच्या हाती पत्र लागलं तर काय.

मी बी तेच केलं अक्का. मागच्या शनिवारी फडक्याखाली तुला लिहिलं की उद्याच्या पेपरात जिथं जिथं अडशील तिथं एक पर्याय खोड आणि मग मनातलं उत्तर बदल, दुप्पट चान्स हाय, शंभर वेळा तपासलंय. नववी सोडलेल्या पोरीचं तू कामून ऐकलीस? सोमवारी तुझी चिठ्ठी आली. राजे, एकतीस बदलले. आधीचे सतरा बरोबर होते, बदलल्यावर चार झाले. पासष्ट मार्क गेले (बरोबरचे चार मिळतात, चुकलं की एक कापतात), खालच्या बॅचमधी टाकलं. बस एवढंच. माझ्यावर एक शिवी बी न्हाई. शिवी असती तर मला जेवण गेलं असतं.

आणि तवापासून डबा भरलेला परत येतोय. मावशी पहाटे उठून भाकरी थापती, मी स्टँडवर नेऊन कंडक्टरकडं देते, संध्याकाळी मीच उतरवून घेते, आणि पिशवी हातात धरली की वजनावरूनच कळतंय. मी काय करते, स्टँडच्या मागं भिंतीला पाठ लावून बसते आणि समदं खाते. मंगळवारी शेपूची भाजी, बुधवारी पिठलं, गुरुवारी वांगं (ते आंबलं होतं, वर पोटाचं लिहिलं ते ह्याच्यामुळं), काल शेंगदाण्याची चटणी आणि तीन भाकरी. मग घरी आले की मावशी रिकामा डबा हातात घेऊन काकाला दाखवती आणि म्हणती, बघा, आपली जगू जेवायली, म्हणजे अभ्यास बी व्हायला. काका मान डोलावतात. मी आत जाऊन मशीन चालू करते. एवढं खोटं मी बोलून केलं नसतं. न बोलून लई सोपं जातं.

पर मी डोकं लावलं अक्का, डबे खात खातच लावलं. बुधवारी चाचाचा नातू डब्यांशी खेळला आणि बटण कुठं हाय ते चाचाला बी ठाऊक राहिलं न्हाई. तरी दर खेपेला नातवालाच लपवायला लावून आम्ही खेळलो. चाचा आंधळेपणानं उघडायला लागले तसं त्यांच्या हातूनच सोनेरी बटण निघायला लागलं, साठात एकोणीस वेळा. ती खेप बाद. उरल्या एक्केचाळीस. त्यात बदललं तरी तेवढंच, न बदललं तरी तेवढंच, एका बटणाचा फरक. तवा माझ्या डोक्यात पडलं. बदलण्यात काही नव्हतंच. उघडणाऱ्याला ठाऊक असतंय, त्यात समदं होतं. गेमला ठाऊक असतंय घोडा कुठं हाय, म्हणून तो बरोबर रिकामाच दरवाजा उघडतो, आणि त्यातून आपल्याला कळतंय. पेपरात पर्याय कुणी उघडला? तूच खोडलीस. तुलाच ठाऊक नव्हतं. मी तुला चाचाचं गणित दिलं आणि चाचा दिलाच न्हाई.

अजून एक. हे नीट वाच, दोनदा वाच. चारातला एक खोडल्यावर उरतात तीन. एखाद्यानं पुस्तक न उघडता, डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर एकतीसात दहा बरोबर आले असते, लई झालं तर अकरा-बारा. तुझे आधीचे सतरा बरोबर होते. ज्यात तू अडलीस, ज्याला तू तुक्का म्हणतीस, त्यातले सतरा. ते नशीब न्हाई अक्का. नशीब एवढं देत न्हाई, मी दीड महिना बघितलंय. ते तुला येत होतं, फक्त येतंय हे तुला ठाऊक नव्हतं. (हे गणित मी पिकोच्या बिलाच्या मागं तीन वेळा केलं, तिन्ही वेळा दहाच आले.)

तू दिवाळीत म्हणली होतीस की गेममधी नव्वद वेळा हारलं की पुढच्या खेपेला तो आपणहून देतो, तसं परीक्षेत पाहिजे, तिसऱ्या खेपेला तरी. तसं न्हाई. गेमवाला हारलेलं मोजत बसतो, परीक्षा कुणाचंच मोजत न्हाई. तिला तू पहिल्यांदा आली काय, तिसऱ्यांदा आली काय, सारखंच. हे वाईट हाय. ह्याच्यात मला काही चांगलं सापडलं न्हाई, खोटं कशाला लिहू.

उगी लांबण लागली. आंघोळ कर, केस धुवून घे, मावशीनं शिकेकाई पाठवली ती पिवळ्या पुडीत हाय.

तुझीच
राजकन्या

ता.क. निळा घोडा आला. मी बदलायला लागले त्याच्या तिसऱ्या दिवशीच आला. कुंपणात उभा राहतो आणि शेपूट हलवतो. दुसरं काही करत न्हाई. एवढ्यासाठी आपण दोघी मरायलो होतो.

ता.क. दोन. उद्या रविवार, पेपर हाय. आधीचंच ठेव. आणि तुला पेपरच द्यायचा नसंल, परत यायचं असंल, न्हाई तर ह्याच्याहून वाईट काही मनात येत असंल, तर आधी मला सांग. मी कुणाला सांगणार न्हाई असं मी म्हणू शकते, सगळ्या औशाला ठाऊक हाय. पर वाईट मनात असंल तर सांगीन. ओरडून सांगीन.

ता.क. तीन. हे होस्टेलच्या समोर झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहायलेय. कागद पिशवीला शिवलेला, म्हणून अक्षर वाकडं. आज डबा कंडक्टरकडं दिला न्हाई, मीच घेऊन आले. मावशीला म्हणले दोरा आणायला लातूरला जायलेय. आता पिशवी वॉचमनकडं वर जाईल. माझी बस पाचची हाय. आज मावशीला जास्त करायला लावल्या, सहा भाकऱ्या हायत, तीन तुझ्या, तीन माझ्या. सकाळपासून मी काही खाल्लं न्हाई आणि आता माझ्याकडं काही उरलं न्हाई. खाली ये, अक्का. लई भूक लागलीय.