सांगलीच्या कार्डावरच्या दोन ओळी

आई, काल ट्रंक आवरताना ते सांगलीचं कार्ड पुन्हा हाताला लागलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी ते फाडलेलं नाही.

दुष्काळ नुकताच सरला होता, मी नववीत होते, आणि गावातली बाळंतपणं तूच करायचीस. शाळेत धनुर्वाताचा धडा झाला आणि घरी येऊन मी तुला म्हणाले, नाळ कापायचा विळा आधी उकळून घेत जा. तू चुलीपुढून मानही वळवली नाहीस. "आज्जीपास्नं ह्योच विळा हाय. चार बुकं शिकलीस म्हून आयला शिकवतीस व्हय?" गप्प बसणं मला तेव्हाही जमायचं.

त्याच हिवाळ्यात सांगलीच्या कॉलेजचं शिबिर आपल्या शाळेत उतरलं. त्या सगळ्या पोरापोरींची पुढारी ती. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, आणि आवाज असा की देवळापुढं बोलायला उभी राहिली की तालमीतली पोरंही ऐकत थांबायची. विहिरीत पावडर टाक, शोषखड्डे खण, बायकांना चित्रांचे तक्ते दाखव, दिवसभर तिचं हेच. आपल्या सोप्यात आली तेव्हा तू सगळ्यांदेखत तिला हाणलंस, "पोरी, तुजं लगीन तरी झालंय का? आन् मला बाळातपण शिकवाय आलीस!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, मनापासून. तीही हसली आणि तुझ्यापुढं मांडी घालून बसली. "नाही झालं, मावशी. म्हणून तर विचारायला आले. मूल आडवं असलं तर हाताला कसं कळतं?"

दिवस मावळेपर्यंत तू तिला सांगत होतीस. माझ्यासमोर कधी काढलं नव्हतंस ते सगळं. निघताना दारात ती एवढंच म्हणाली, "मावशी, विळा नको. नवं पातं, उकळून." आणि पुढच्याच आठवड्यात खालच्या आळीला बाळंतपणाला गेलीस तेव्हा आधी पाणी उकळायला ठेवलंस. पाचवीला पाट्यावर विळ्याच्या जागी ते दाढीचं पातं मांडून हळदकुंकू वाहिलंस. बायका कुजबुजल्या तर म्हणालीस, "सटवीला चालतंय. इचारलंय मी तिला."

शिबिर उठलं तरी ती रविवारच्या एसटीनं यायची. दुधावरची साय तिच्या भाकरीवर जायची. एकदा मी म्हणाले, हेच मी आधी सांगितलं होतं की. तू भाकरी थापत म्हणालीस, "तू सांगितलंस. तिनं इचारलं." ते मला अजून टोचतं. ती शेवटची आली तो दिवस तर जसाच्या तसा दिसतो. मी उंबऱ्यावर उभी आहे, तू आज्जीचा विळा फडक्यात गुंडाळून तिच्या हातात देतेस, "ह्याचं काम सरलं. तुज्यापाशी ऱ्हाऊ दे." माझ्याकडे तू बघतही नाहीस.

महिन्याभरानं कार्ड आलं. तुला अक्षर येत नव्हतं, पत्रं मीच वाचायची. मी वाचलं, "मावशी, मी बरी आहे. परीक्षा जवळ आली." तू म्हणालीस, "आन् म्होरं?" मी म्हणाले, "संपलं." खाली दोन ओळी होत्या. "पुढच्या रविवारी इथं गावोगावच्या सुइणी जमणार आहेत. त्यांना शिकवायला तुम्हीच या, मी स्टँडवर घ्यायला येते."

तो रविवार तू शेंगा फोडण्यात घालवलास. तिचं पुन्हा पत्र आलं नाही. कितीतरी रविवारी एसटीचा हॉर्न ऐकून तू तव्यावरची भाकरी सोडून दारात यायचीस. मग एकदा म्हणालीस, "शिकल्याली मानसं. इसरली आसंल." मला तेव्हा बरं वाटलं. पातं उकळणं मात्र तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पाठवलं असतं, तरी तुला वाचून दाखवायला मीच बसले असते. आणि त्या दोन ओळींपाशी आल्यावर मी काय केलं असतं, ते मला या वयातही खात्रीनं सांगता येत नाही.