तीन हाकांचा नियम

२ जानेवारी २००६, सोमवार

वर्ध्याला पोहोचले आणि मजेत आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी आठवड्यात परत येणार अशी नागपुरात सगळ्यांना खात्री होती.

बोरगाव मेघेत वच्छलाबाईंच्या घराची वरची खोली मिळाली. ओटा, पुढे गच्ची, दुपारभर ऊन, आणि खोलीत माझा स्वतःचा टेलिफोन. वच्छलाबाई खाली राहतात. मी एकटीच राहणार का, जेवणात कांदा चालतो का आणि मुलगी बेंगळुरूला असून मी इथे काय करते, हे तिन्ही प्रश्न त्यांनी जिना चढतानाच विचारून घेतले. उत्तरंही बहुधा त्यांनीच दिली. मला बाई आवडल्या.

काय करते, तर नोकरी करते. शाळेने निरोप समारंभात शाल दिली, श्रीफळ दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझे फोन उचलणं बंद केलं. आयुष्यभर त्यांच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवलं त्याचं हे फळ. आता फोन फक्त लेकीचा, मयुरीचा, दर रविवारी. म्हणून पेपरातली जाहिरात वाचली आणि पिशवी भरली.

दिवसभर ऑफिसात इंग्रजी लिहायचंय. रोजनिशी मराठीतच ठेवीन.

५ जानेवारी, गुरुवार

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार संगणक आणि धनंजय. पोरगा हुशार, शर्टाची बटणं मात्र चुकीच्या काजांत. आज त्याच्याकडून काम नीट समजून घेतलं. मला समजलं तर कोणालाही समजेल, या बोलीवर.

ट्रकचे सुटे भाग विकणारे दुकानदार आहेत, वर्धा, हिंगणघाट, जाम अशा गावांत. त्यांचे संगणक फोनच्या तारेवरून थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये मोठा संगणक नाही, साहेब नाही, हेड ऑफिस नाही. जामला गिऱ्हाईक आलं आणि क्लच प्लेट नसली, तर तिथला संगणक शेजारच्या संगणकांना विचारतो, ते आपापल्या शेजाऱ्यांना. कोण चालू आहे आणि कोण बंद, हेही शेजारीच एकमेकांना सांगतात. मला हे फार पटलं. साहेब नसलेली व्यवस्था मी प्रथमच पाहते आहे.

दुसऱ्या गावांतल्या प्रोग्रामरांना यावर आपली कामं बसवता यावीत म्हणून धनंजयने इंग्रजीत मार्गदर्शिका लिहिली आहे. ती वाचून पुण्याच्या एकाने कळवलं की यापेक्षा दूरध्वनीची डिरेक्टरी सुबोध असते. ती मी सुधारायची. प्रत्येक संगणकाला मालकाचं नाव दिलेलं असतं. माझ्या संगणकाचं नाव धनंजयने ठेवलं ‘मॅडम’.

१० जानेवारी, मंगळवार

इतकं पाल्हाळ मी नववीच्या निबंधांतही वाचलं नव्हतं. एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारायची, ‘आहेस का’ म्हणून. उत्तर आलं नाही तर काय करायचं? धनंजय लिहितो: लगेच गेला असं समजू नका. लाइन गेली असेल. लोडशेडिंग असेल. उद्या विचारा, परवा विचारा. कधीही परत आला तर त्याचं ऐका, पुन्हा आपल्यात घ्या. हे एकदा नाही, जागोजाग. हा तांत्रिक ग्रंथ आहे की सासरी गेलेल्या मुलीला लिहिलेलं पत्र?

सगळं काढून टाकलं. तिथे माझी तीन वाक्यं. तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर तो गेला असं धरा. शेजाऱ्यांना कळवा. गेलेल्याशी बोलू नका.

माझंच मला आवडलं. संध्याकाळी गच्चीवर मोठ्याने वाचून पाहिलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

धनंजय खूश. म्हणाला, मॅडम, माझा प्रोग्राम ढिला आहे, तुमचं लिखाण टाइट आहे. दिवसभर बसून त्याने प्रोग्रामच मार्गदर्शिकेप्रमाणे बदलून घेतला आणि दुकानदारांच्या संगणकांवर पाठवून दिला. एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जातो म्हणे. परत बोलावता येतो का, असं मी विचारलं. म्हणाला, नाही, मध्ये कोणी नाही ना बोलावणारं.

वच्छलाबाईंनी चोवीस तारखेला हळदीकुंकवाला यायचं बजावलं आहे. मी विधवा आहे हे सांगितलं, तर म्हणाल्या की त्यांना ठाऊक आहे आणि तरी यायचं. बाई खरंच आवडल्या.

१८ जानेवारी, बुधवार

जामच्या रूपरावजींचा फोन. चौकात त्यांचं मोठं दुकान आहे. काल तिकडे दिवसभर वीज नव्हती. रात्री आली, पण त्यांचा संगणक यादीत परत आलाच नाही. माणूस भलताच चिडलेला. “दुकान उघडं, मशीन चालू, आन् तुमचं ते सांगून राह्यलं का मी नाईच म्हणून. काऊन?”

बघते म्हणाले. धनंजयला सांगितलं. तो हो म्हणाला.

२० जानेवारी, शुक्रवार

धनंजयला पुन्हा आठवण केली. कोण रूपरावजी, म्हणाला. जामला आपलं कोणीच नाही, म्हणाला. मी त्याला फैलावर घेतलं. गिऱ्हाइकाचं नाव विसरणारा दुकानदार महिनाभर टिकत नाही, हे सुनावलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने उचलला, हॅलो हॅलो केलं, कोणी बोलत नाही म्हणून ठेवला. पुन्हा वाजला तेव्हा मी उचलला. रूपरावजी ओरडत होते. इतके मोठ्याने, की शेजारच्या खुर्चीत धनंजयला ऐकू यायला हवं होतं.

२३ जानेवारी, सोमवार

जामला जाऊन आले. ऑफिसात आणि घरी कोणाला सांगितलं नाही. माझं वय आता परवानगी मागण्याचं राहिलेलं नाही.

दुकान चौकातच आहे, उघडं. रूपरावजी गल्ल्यावर बसलेले. धोतर-टोपीतला दणकट माणूस, पण डोळे बसलेले. एक ट्रकवाला आत आला, इकडेतिकडे पाहून दुकानात कोणी नाही म्हणाला आणि समोरच्या दुकानात गेला. रूपरावजी त्याच्या पुढ्यात उभे होते.

मी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

“मॅडम, मी तुमाले दिसून राह्यलो ना?”

दिसताय, मी म्हणाले.

“घरवाली रुख्मा लेकराइले ताट वाढते, मले नाई. म्हणलं भांडण झालं असंन. तं भांडण बी नाई.”

त्या दिवशी वीज गेली तेव्हा ते मागे गोदामात होते. घरच्यांनी हाका मारल्या, त्यांना ऐकू आल्या नाहीत. किती हाका, ते मी विचारलं नाही.

परतताना यष्टीत पूर्ण वेळ उभी होते. बसायला जागा होती. बसवत नव्हतं.

वच्छलाबाईंच्या सुनेचं बोलणं जिन्यात कानावर पडलं: दुपारी मॅडमना फराळाला हाक मारली, दोनदा, तीनदा, ओ दिली नाही. मी नव्हतेच ना घरी. खाली जाऊन सांगायला हवं.

२४ जानेवारी, मंगळवार

सांगितलं. वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. सुतक असल्यासारखं तोंड फिरवणं मला खपत नाही. हेही सांगितलं.

संध्याकाळी हळदीकुंकू. गेले. वाण हातोहात पुढे सरकत होतं, माझ्या मांडीवरून पलीकडे गेलं. तिळगूळही. मनात म्हटलं, अच्छा, हे असं आहे तर. घरात बोलवायचं आणि चारचौघींत विधवेला वगळायचं. उठून दोन शब्द ऐकवणार होते.

तेवढ्यात एक बाई आली आणि माझ्या मांडीवर बसायला लागली. मी झटकन बाजूला झाले. खुर्ची रिकामी आहे असं तिला दुसरीनेच सांगितलं होतं.

वगळलं असतं तर किती बरं झालं असतं.

२५ जानेवारी, बुधवार

धनंजयची काढलेली वाक्यं परत घातली. एकूण एक, पाल्हाळासकट. माझ्या संगणकावर दिसतात. त्याच्या संगणकावर पोहोचत नाहीत. त्याच्या यादीत ‘मॅडम’ नाही.

कागदावर छापली. त्याच्या टेबलावर, हातापुढे ठेवली. त्याने चहाचा ग्लास त्यावर ठेवला.

त्याच्या कानाशी ओरडले. आयुष्यात वर्गावरसुद्धा इतकं ओरडले नाही. त्याने कान खाजवला.

२७ जानेवारी, शुक्रवार

दूधवाला थांबत नाही. रिक्षा थांबत नाही. आरशात मी आहे. स्पष्ट आहे. केस विंचरलेले, पातळ नेसलेलं —

रूपरावजींचा सकाळी फोन. रोज करायचा असं ठरलंय. ते विचारतात, आहात का. मी म्हणते, आहे. मग मी विचारते. बस, एवढंच. दोघंही फोन ठेवत नाही बराच वेळ.

२८ जानेवारी, शनिवार

आज त्यांचा फोन आला नाही. मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

तिसऱ्यांदा लावणार नाही. मी विचारलं नाही तर ते गेले असं होत नाही. माझ्यापुरते ते आहेत. गोदामात असतील. लोडशेडिंग असेल. उद्या, परवा —

हे त्याने लिहिलं होतं. जागोजाग लिहिलं होतं.

२९ जानेवारी, रविवार, सकाळ

मयुरीचा फोन यायचा दिवस. तिला ऐकू जाईल. पोटची पोर आहे, तिला ऐकू —

वाजला. उचलला. मी आहे म्हणाले. ती नुसती आई, आई करत राहिली. मग ठेवला.

पुन्हा. मी ओरडत होते, ती हॅलो हॅलो —

रिसीव्हर काढून खाटेवर ठेवलाय. आता एंगेज लागेल. एंगेज म्हणजे न उचललेला नव्हे. विचारताच आलं नाही तर मोजता येत नाही.

खाली फोन वाजतोय. वच्छलाबाईंचा.

मयुरीच. त्यांच्या बोलण्यावरून कळतंय. त्या म्हणतात, वर कोणी राहत नाही. ती ऐकत नाही. माझी मुलगी, ऐकणार नाही. सगळे मॅडम म्हणतात, तशी हाक मारून एकदा बघा म्हणत असणार.

“थांब बाई, वर जाऊन पाहतो.”

जिन्यावर पावलं. दार लावून घेऊ? लावलं तर उत्तर नाही असंच —

उघडंच ठेवलंय. दारात उभ्या आहेत. खाट बघतात. ओटा बघतात. “मॅडम?”

आहे म्हणाले. हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला, माशी बसल्यासारखा.

“मॅडम?”

बोललेलं पोहोचत नाही. लिहिलेलं पोहोचेल. ही वही त्यांच्या डोळ्यांपुढे धरून लिहिते आहे, मोठ्या अक्षरात — वच्छलाबाई, हाक मारू नका. आता हाक मारू नका. खाली जा, मयुरीला सांगा, लाइन गेली असेल, उद्या विचार. एवढंच सांगा. मी इथेच, तुमच्या पुढ्यात उ